माझ्या अक्षरातलं मानधन

५ नोव्हेंबर
क्लासच्या जिन्यापाशी नवा फ्लेक्स लागला. वानखडे सर हात जोडून उभे, खाली लाल अक्षरांत 'आता अकोल्यातही!' राजापेठेत येणाऱ्या-जाणाऱ्या प्रत्येक गाडीवाल्याला दिसेल एवढा. फ्लेक्सवाल्याला रोख दिले. व्हाउचर मीच लिहिलं.
आमचा जुलैपासून पगार नाही. माझा नाही, कांताबाईचा नाही. मी क्लासचं ऑफिस सांभाळते, ती झाडलोट, पाणी, चहा. ती माझ्याही आधीपासून आहे.
सरांना विचारलं. म्हणाले, "अकोल्याची शाखा उभी राहू द्या मॅडम. मी काय पळून जाऊन राहिलो?"
नऊ वर्षांत एकदाही आवाज चढवला नाही मी. आज जिभेपर्यंत आला होता. गिळला. आता स्वतःचाच राग येतोय.

९ नोव्हें.
अम्मीची बीपीची गोळी संपली. भाईजानने अंजनगावहून पैसे पाठवले, वर फोनवर, "अमरावतीत एवढी नोकरी करतेस, जाते कुठे सगळं?" काय सांगू? आपली बहीण एम.ए. मराठी, क्लासची 'मॅडम', आणि चार महिने फुकट राबते म्हणून?
अम्मी ऐकत होती. म्हणाली, "किसी की नौकरी की है, खैरात थोड़ी माँगी है."

१२ नोव्हें.
गेले. कांताबाईला घेऊन कामगार कार्यालयात गेले. पायऱ्या चढताना दोघी इकडेतिकडे पाहत होतो. आपणच काही चोरलंय असं का वाटत होतं कोण जाणे.
तिथल्या क्लार्कबाई चांगल्या निघाल्या. नियुक्तीपत्र नाही म्हटल्यावर हसल्या नाहीत. म्हणाल्या, पत्र नसलं म्हणून हक्क जात नाही, काम केलं तर पगार ठरल्या वेळी द्यावाच लागतो, त्यात मालकाचे उपकार नाहीत. काम केल्याचं दाखवणारं जे असेल ते जोडा.
अर्ज मी लिहिला, दोघींचा मिळून. क्लार्कबाईंनी कांताबाईपुढे शाईचा पॅड सरकवला. कांताबाई फणकारली, "सई येते मले. अंगठा काहून?"
खाली उतरून गिलावडा खाल्ला. पैसे तिने दिले. नको म्हटलं तरी.

२४ नोव्हें.
सरांना नोटीस पोचली. केबिनमध्ये बोलावलं. आवाज अगदी मऊ. "शाहीन मॅडम, घरातली गोष्ट कचेरीत नेली तुमी. तुमाले मी घरच्यासारखं समजलो."
घरच्यासारखं! घरच्या माणसांच्या पगाराचे चार महिने कोण गिळतं? त्यांच्या मुलाच्या वाढदिवसाला तीन वर्षं पुऱ्या लाटल्यात कांताबाईने, तेही घरचंच काम.
मी म्हटलं, "सर, पगार द्या, मी अर्ज मागे घेते."
"उद्यापासून येऊ नका. कांताबाईलाही सांगा."
कपाटाच्या चाव्या टेबलावर ठेवल्या. टाचण्यांची डबी माझी होती, ती तेवढी उचलून आणली.

३ डिसेंबर
सरांच्या वकिलाचं उत्तर आलं. त्याची प्रत मिळाली. तीन पानं. मुद्दा एकच: अर्जदार या कर्मचारी नाहीत, त्या सवडीने सेवा देत होत्या व त्यांना स्वेच्छेने मानधन दिलं जात होतं, सबब पगार थकण्याचा प्रश्नच येत नाही.
सवडीने! सकाळी आठला कुलूप काढायचं, संध्याकाळी सातला लावायचं, ही सवड.
सोबत जुन्या व्हाउचरांच्या झेरॉक्स. प्रत्येकावर 'मानधन'. निळ्या शाईत, वळणदार, शिरोरेषा पट्टीने मारल्यासारखी सरळ. माझं अक्षर. कांताबाईच्या व्हाउचरवरही माझंच.
हे इथे लिहायलाच हवं, दुसरं कोणाला सांगवत नाही. तो शब्द सरांचा नाही. माझा आहे.
क्लासला लागले त्या पहिल्याच महिन्यात सरांनी विचारलं होतं, "मॅडम, व्हाउचरवर काय लिहायचं? पगार?" मी म्हटलं, "सर, पगार फार रुक्ष वाटतो. मानधन लिहू या." सर खूश. आल्यागेल्याला सांगत, आमच्या मॅडम मुस्लिम, पण मराठी पाहा, आपल्यापेक्षा शुद्ध. त्या 'पण'चा तेव्हा राग यायला हवा होता. मी फुलून गेले. मला वाटलं, या शब्दाने आम्हा दोघींना जरा मान येईल.
मूर्ख. मूर्ख. मूर्ख बाई.

५ डिसें.
परत कार्यालयात. एकोणीस तारखेला सुनावणी आहे. क्लार्कबाई म्हणाल्या, शब्द काही का असेना, काम कसं होतं ते पाहतात. वेळ ठरलेली, हुकूम सरांचा, दर महिन्याला ठरावीक रक्कम. पण समोरचा शब्दालाच धरून बसणार, तेव्हा सरांनी कधी 'पगार' म्हटल्याचं काही आहे का?
फोन उपसला. सरांचे मला आलेले मेसेज: 'मानधन लवकरच करतो.' 'मानधनाचे पाहतो.' एकाही ठिकाणी पगार नाही. चांगला शिकवलाय मी त्यांना.

७ डिसें.
कांताबाईच्या घरी. उत्तर वाचून दाखवलं, मग माझी चूक सांगितली. मान वर करून सांगता येईना. तिने मध्येच थांबवलं.
"थांबा मॅडम. मान कोनाले भेटला? अन् धन कोनाले?"
मला हसूही आलं आणि रडूही. मग विचारलं, सर तुम्हाला काय मेसेज करत? म्हणाली, "मले काय वाचता येते? मले ते बोलूनच पाठवत."
फोन घेतला. एकही मेसेज पुसलेला नाही, तिला पुसताच येत नाही. एकामागून एक सरांचा आवाज: "कांताबाई, उद्या लवकर ये." "कांताबाई, सुट्टी नाई भेटनार, पालकसभा हाय." आणि ऑक्टोबरातला: "कांताबाई, चिंता करू नको, तुया अन् मॅडमचा पगार दिवाळीच्या आंदी करून टाकतो."
तुझा आणि मॅडमचा पगार. तीनदा ऐकलं. मला लिहिताना जपून लिहिणारा माणूस तिच्याशी मोकळं बोलला. बाईला वाचता येत नाही म्हणजे तिच्याकडे पुरावा नाही असंच धरून चालला होता.
पाठवून घ्यायचं सुचलं तोवर तिची बॅटरी संपली आणि लाइट गेलेली. उद्या येते म्हणाली.

१० डिसें.
तीन दिवस झाले, आली नाही. फोन बंद. शेजारीण म्हणते, सरांची गाडी आली होती, त्यानंतर कांताबाई अकोटला लेकीकडे गेली.
दिवसभर तिच्यावर चिडले. मग सरांवर. मग परत तिच्यावर.

१३ डिसें.
एसटीने अकोट. लेकीचं घर जिनिंगच्या मागे, अंगणात सरकीचा वास. कांताबाई पाटावर बसून तूर निवडत होती. मला पाहून उठली नाही.
"दोन महिन्याचे देल्ले त्यायनं. म्हने तारखेले येऊ नको, उरलेले बी देतो, कामावर बी घेतो."
"आणि तुम्ही घेतले?"
"घेतले. माह्येच व्हते. काहून नाई घेऊ?"
खरंच होतं तिचं. तरी मी बोलले, नको ते बोलले. तुम्ही विकल्या गेलात म्हणाले. तिच्या लेकीने मला पाणीही विचारलं नाही, आणि बरोबरच केलं. मला भाईजान आहे पैसे पाठवायला. तिला कोण आहे?
निघताना म्हटलं, एकोणीसला तारीख आहे. ती खाली मान घालून तूर निवडत राहिली.
परतीच्या गाडीत पूर्ण रस्ता उभी. बरं झालं. बसायला जागा मिळाली असती तर रडले असते.

१९ डिसें.
अकरा वाजता पुकारा. सर, वकील, मी. समोर कामगार अधिकारी साहेब. त्यांनी व्हाउचर पुढे धरलं. "हे अक्षर कोणाचं?"
"माझं. आणि शब्दही मीच सुचवला. काम मात्र पगाराचंच होतं."
वकील हसला. "संपलं की मग, साहेब."
तेवढ्यात दार ढकलून कांताबाई. धापा टाकत, खांद्याला पिशवी, सकाळच्या पहिल्या गाडीने आलेली. माझ्याकडे बघितलं नाही. फोन साहेबांच्या टेबलावर ठेवला. "साहेब, मले वाचता नाई येत. तुमीच आयका."
खोलीभर सरांचा आवाज: "तुया अन् मॅडमचा पगार..."
वकील म्हणाला, बोलण्यात माणूस म्हणतो तसं. साहेबांनी परत एकदा लावायला सांगितलं. सर खिडकीबाहेर पाहत होते. खोटं कशाला बोलू, फार बरं वाटलं मला.
मग साहेबांनी सुनावणीचं टिपण लिहिलं आणि सहीसाठी पुढे सरकवलं. पहिलीच ओळ: 'अर्जदारांच्या थकीत मानधनाबाबत.'
"साहेब, इथे पगार करा."
"तेच ते हो, मॅडम. फरक पडत नाही."
"फरक पडत नाही तर बदला ना."
साहेब वैतागले. घड्याळ पाहिलं. पुढच्या महिन्यातली तारीख देतो म्हणाले, तोवर दोघींनी नीट विचार करा, उगाच शब्दावरून अडवू नका.
कांताबाईने सहीसाठी पेन उघडून तयार ठेवलं होतं. हळूच मला विचारलं, "काय लिवलं?" सांगितलं. तिने पेनाला टोपण लावलं आणि ते साहेबांच्या पुढ्यात ठेवलं.
"पगार लिवा म्हना. मंग करतो आमी सई."