झाकणाच्या आतल्या तारखा

ता. २ मार्च

चहाचा कप उजव्या हातानंही धरता येतो. तू मुद्दाम डाव्यानं धरलास, बाही कोपरापर्यंत सारून, आणि पाहुण्यांच्या नाकासमोर तो हात नाचवलास.

चि. बारक्यास, अनेक आ. आशीर्वाद पत्राची रीत म्हणून दिलाय, त्यानं हुरळून जाऊ नकोस. फोन करत नाही, कारण फोन तू मधेच ठेवतोस. कागद मधेच ठेवलास तरी उरलेलं त्यावर तसंच बसून राहतं.

काय झालं ते तुला ठाऊक आहे, तरी लिहिते, म्हणजे उद्या असं नव्हतंच म्हणायला नको. मुलाकडची माणसं तुझ्या बहिणीच्या लग्नाची तारीख पक्की करायला आली होती. मुलाचा मामा घड्याळं दुरुस्त करणारा. त्यानं तुझं मनगट धरलं, घड्याळ उजेडाकडे फिरवलं आणि हसला. तुझ्या बापाच्या कानशिलापर्यंत रक्त चढलं. सगळ्यांदेखत म्हणाला की आमच्या घराण्यात हा एकच खोटा निपजला, नकली घड्याळं गोळा करतो, लग्नात ह्याचं तोंडही नको. तू उठलास आणि चालता झालास. बहीण दारात उभी होती, तिच्याकडे मान वळवून बघितलंसुद्धा नाहीस.

पुढचं तू ऐकलं नाहीस. गेलेली अब्रू भरून काढायला तुझ्या बापानं जाहीर केलं की आजोबांचं सोनेरी घड्याळ, अस्सल, मोठ्या कंपनीचं, नवऱ्या मुलाला देणार. मग ह्यांनी तीस वर्षं मालकाची गाडी कशी चालवली, निवृत्तीच्या दिवशी मालकानं सगळ्या कामगारांसमोर ते घड्याळ ह्यांच्या हातात कसं बांधलं, सगळं पुराण लावलं. तो मामा एकदम गंभीर झाला. म्हणाला की असलं घड्याळ जन्मात एकदा तरी उघडायला मिळावं अशी इच्छा होती. लग्नाआधी मीच उघडून साफ करतो, मजुरी नको. तुझ्या बापानं लगेच मान डोलावली. पंधरा तारखेला तुझा बाप माझ्याकडे येऊन घड्याळ नेणार आहे.

हे सगळं तुझ्या त्या मनगटापायी. चौदा घड्याळं आहेत म्हणे तुझ्याकडे. चौदा घड्याळं असून एका जागी वेळेवर पोचलेलं मी तुला पाहिलेलं नाही. दिवसभर लोकांच्या कवळ्या घासतोस, माझीही तूच केलीस, हात चांगला आहे तुझा. त्या हातावर दुसऱ्याच्या घड्याळाचं सोंग कशाला? ती सगळी नदीत टाक. बापाचे पाय धर आणि त्याला ह्यांचं घड्याळ द्यायच्या खुळातून बाहेर काढ. हे गेल्यापासून ते माझ्या कपाटात आहे आणि तिथंच राहणार.

कळावे. लोभ सध्या आटलेला आहे.

आजी

ता. ६ मार्च

ती. आजीस, शि. सा. न. वि. वि.

तुझं पत्र मधे न ठेवता वाचलं. आता माझंही तसंच वाच.

माझी घड्याळं नकली नाहीत. नकली म्हणजे दुसऱ्याचं नाव चोरून लावलेलं. ह्यांना होमेज म्हणतात. घाट एखाद्या नावाजलेल्या जुन्या घड्याळाचा, पण तबकडीवर नाव ज्यानं बनवलं त्याचं. बनवणारे दोघे भाऊ आणि थोरल्याची बायको, एवढीच कंपनी. एका खेपेला तीनशे घड्याळं करतात, ती खपली की पुढची. एकाची काचेभोवतीची कडी सैल फिरते असं मी कळवलं, तर त्या बाईनं स्वतः लिहून माफी मागितली आणि नवी कडी पाठवली. आपल्या घरात आजवर कुणी कुणाची माफी मागितल्याचं मला आठवत नाही.

ज्या घड्याळांवरून ही काढली ती घ्यायची तर मला सात जन्म कवळ्या घासाव्या लागतील. मला तो घाट आवडतो, म्हणून मला परवडतं ते घालतो, आणि कुणी विचारलं तर नाव सांगतो. तुझ्या तोंडातले दात हुबेहूब दातांसारखे आहेत. ते कधी म्हणाले का, आम्ही हिरडीतून उगवलो? त्याच दातांनी तू मला चावतेस.

मामा का हसला तेही ऐक. त्यानं आपली बाही वर केली होती. त्याच्या हातात त्याच तिघांनी केलेलं घड्याळ होतं, मागच्या खेपेचं. इतक्या वर्षांत दुसरा कुणी भेटला म्हणून हसला. बाबांना फक्त हसू दिसलं, बाही दिसली नाही.

पाय धरणार नाही. बाबांनी स्वतः लिहून बोलावलं तर लग्नाला येईन, नाहीतर बहिणीला लांबूनच शुभेच्छा. तिला तसं सांगितलंय. ती रडली आणि मग मला गाढव म्हणाली.

आणखी एक. आजोबांचं घड्याळ मामाकडे जाऊ देऊ नकोस. लहानपणी मी त्यांच्या दंडावर डोकं ठेवून झोपायचो, तेव्हा ते माझ्या कानापाशी असायचं. त्या कंपनीच्या त्या जातीच्या घड्याळात बॅटरी नसते, ते हाताच्या हालचालीवर चालतं आणि त्याचा सेकंदकाटा सरकत जातो, पाण्यावरून पान जावं तसा. आजोबांचा टकटक उड्या मारायचा. एवढंच लिहितो.

राग तर आहेच तुझा, जमलं तर थोडा लोभही असू दे.

तुझा,
बारक्या

ता. ९ मार्च

तुझे कान लहानपणीच पिळून ठेवायला हवे होते, म्हणजे नको ते ऐकलं नसतंस.

चि. बारक्यास, आ. वाचून हे पत्र फाडायचं.

तर तुला ठाऊक होतं. मला वाटत होतं जगात मला एकटीलाच ठाऊक आहे. ह्यांचं हर्नियाचं ऑपरेशन झालं तेव्हा घड्याळ बंद पडलं. हे दवाखान्यातून घरी येतील तोवर चालू करून ठेवावं म्हणून मी नेलं. ओळखीच्या दुकानात नाही, दोन बस बदलून लांबच्या, कारण एवढं महागाचं घड्याळ घेऊन बाई एकटी फिरते हे गल्लीत कळायला नको. त्या माणसानं झाकण उघडलं, आत बघितलं आणि मला विचारलं की बाई, हे कुणी दिलं. मी सांगितलं. तो म्हणाला की नाव तेवढं मोठं आहे, बाकी आतबाहेर सगळं खोटं, बॅटरी घालून देतो. तीस वर्षं ह्यांनी त्या मालकाच्या पोराबाळांना शाळेत सोडलं, त्याच्या म्हाताऱ्या आईला उचलून जिना चढवला, आणि त्या मेल्यानं टाळ्या वाजवून बाजारातला नकली माल बांधला. मेला म्हणते ते शिवी म्हणून. खराच मेला तेव्हा हे त्याच्या मयताला गेले होते, तेच घड्याळ घालून.

ह्यांना मी बोलले नाही. काय बोलणार? बसमध्ये दांडी धरतानासुद्धा बाही वर करणारा माणूस. पुढेही दोनदा बंद पडलं, दोन्ही वेळा ह्यांच्या नकळत मी जाऊन बॅटरी घालून आणली. म्हणून तुला त्याला हात लावू देत नव्हते. म्हणून तुझ्या चौदा घड्याळांचा राग. तू घरात खरं-खोटं असा शब्द काढलास की माझा जीव त्या कपाटात जायचा.

आता ऐक. घड्याळ पावडरच्या डब्यात घालून तुझ्या बहिणीच्या हाती पाठवते आहे. तिला सांगितलंय की साफ करायला देतेय. तुझ्या चौदांतलं एखादं फोड, त्याच्या आतलं ते हाताच्या हालचालीवर चालणारं यंत्र काढ आणि ह्याच्यात बसव. काटा सरकता झाला पाहिजे. मामानं उघडलं तर त्याला काही कळता कामा नये. कवळ्यांच्या खाचा जुळवतोस, हेही जमेल. तुझ्या बहिणीचं लग्न आणि ह्यांचं नाव, दोन्ही त्याच झाकणाखाली आहे.

तू मला लबाड म्हणशील. म्हण. चौदा तारखेच्या आत परत पाठव.

लोभाचं नंतर बघू.

आजी

ता. १२ मार्च

ती. आजीस, शि. सा. न. वि. वि.

घड्याळ पोचलं. बहिणीनं डबा दिला आणि जाताना दार आपटलं, म्हणजे ती माझ्याशी बोलायला लागली आहे.

यंत्र बसणार नाही. माझं जाड आहे, ह्याची पोकळी उथळ. आणि बसलं असतं तरी मी बसवलं नसतं. तू मला नकली घड्याळं नदीत टाकायला सांगतेस आणि त्याच हातांनी एक नकली अस्सल करायला सांगतेस. ते माझ्याच्यानं होणार नाही. तुला राग येईल. येऊ दे.

पण झाकण उघडलं तेव्हा एक गोष्ट दिसली, ती तुला सांगायलाच हवी. घड्याळ दुरुस्त करणारे झाकणाच्या आतल्या बाजूला सुईनं बारीक तारीख कोरून ठेवतात, कधी हात लावला ते कळावं म्हणून. भिंग लावल्याशिवाय दिसत नाही. ह्याच्यात आठ तारखा आहेत. ऑगस्ट ९६ ची आहे, आजोबांचं ऑपरेशन. मे २००१ ची आहे. ऑक्टोबर २००८ ची आहे. ह्या तीन एकाच माणसाच्या हातच्या, अक्षर उभं आणि घट्ट. तुझ्या लांबच्या दुकानातल्याच्या असणार.

उरलेल्या पाच दुसऱ्याच कुणाच्या आहेत. अक्षर तिरकं, प्रत्येक तारखेखाली एक छोटी फुली. असली बॅटरी दोन-अडीच वर्षं टिकते, आजी. वीस वर्षं ते घड्याळ तुझ्या तीन बॅटऱ्यांवर चाललं नसतं. बाकीच्या पाच वेळा ते कुणीतरी दुसरीकडे नेलं. घरातून ते उचलून नेणारी माणसं दोनच होती, तू आणि ज्याच्या हातात ते होतं तो.

त्या पाचांतली पहिली तारीख जून ९१ ची आहे. तुझ्या पहिलीच्या पाच वर्षं आधीची.

घड्याळ तसंच परत पाठवतोय. काहीही बदललेलं नाही.

लोभ असेल तर उत्तर पाठव, नसेल तरी पाठव.

तुझा,
बारक्या

ता. १६ मार्च

काल कपाट रिकामं बघून तू माझ्यावर आरडाओरडा केलास, शेजारीण गच्चीवरून वाकून बघत होती. मी उत्तर दिलं नाही, कारण तोंडी सांगायला गेलं की तू माझ्यापेक्षा मोठ्यानं बोलतोस. म्हणून तुझ्याच गावात राहून तुला पत्र टाकते आहे.

चि. थोरल्यास, आ.

तुझ्या बापाचं घड्याळ खोटं आहे. मालकानं खोटं दिलं. मला ते सहा वर्षांनी कळलं आणि मी लपवलं. ह्यांना दीड वर्षातच कळलं होतं आणि ह्यांनीही लपवलं. माझ्यापासून. ते मिळालं त्या दिवशी मी गल्लीतल्या प्रत्येक दारात जाऊन सांगून आले होते, पाणी भरायच्या रांगेतसुद्धा सांगितलं होतं. मग हे काय करणार? बाही वर करत राहिले. मला वाटायचं ह्यांची मान खाली जाऊ नये म्हणून मी झटते. वीस वर्षं आम्ही वेगवेगळ्या दुकानात जाऊन एकमेकांना फसवलं. रडायचं असेल तर तू रड, मला वेळ नाही.

परवा, चौदा तारखेला, तू यायच्या आधी मी ते घड्याळ घेऊन एकटी मामाच्या दुकानात गेले. गल्ल्यावर ठेवलं आणि सांगितलं की हे खोटं आहे, माझ्या नवऱ्यानं माहीत असून जन्मभर घातलं, आता काय हसायचं ते माझ्यासमोर हसून घ्या, आणि लग्न मोडायचं तर तेही माझ्यासमोरच मोडा. त्यानं भिंग लावलं, झाकण उघडलं आणि बराच वेळ बघत राहिला. घड्याळ नाही, झाकण बघत होता. मग म्हणाला की ही तिरकी तारीख आणि खाली फुली माझ्या उस्तादांची, मी त्यांच्याकडेच शिकलो. उस्ताद कधीकधी सांगायचे की एक ड्रायव्हर येतो, बॅटरी बदलून घेतो आणि दर वेळी बजावतो, घरी कळू देऊ नका, बायको फार खूश आहे.

मी खुर्ची मागितली. त्यानं दिली.

मग त्यानं नवी बॅटरी घातली, सुई घेतली आणि आठ तारखांच्या खाली नववी कोरली. खाली फुली काढली. मजुरी घेतली नाही. लग्न बावीस तारखेलाच आहे. आणि त्याच्या मनगटावर काय होतं ते मी माझ्या डोळ्यांनी बघितलं, बारक्याच्यासारखंच. पोरगा खरं बोलत होता.

ह्यांचं घड्याळ कुणाला मिळणार नाही, ते माझ्या हातात आहे. सैल होतं, दोरा गुंडाळून घट्ट केलंय. नवऱ्या मुलाला घड्याळ द्यायचंच असेल तर बारक्याच्या चौदांतलं एक दे, त्यावर ज्यांनी केलं त्यांचं नाव आहे. ते तुझ्या मुलाकडे मागावं लागेल. चारचौघांत तू ज्याला खोटा म्हणालास तो घरातला एकटाच खरं नाव लावून फिरत होता. खोटेपणा केला तो मी, तुझ्या बापानं आणि त्या मालकानं.

माझा लोभ तुझ्यावर किती ठेवायचा ते तुझ्या पुढच्या पत्रावर ठरेल. ते मला लिहू नकोस. बारक्याला लिही. पहिल्या ओळीत माफी, दुसऱ्या ओळीत लग्नाचं बोलावणं, तिसरी ओळ नको, तिसऱ्या ओळीत तू नेहमी वाद काढतोस. सूनबाईकडून लिहून घ्यायचं नाही. मी चौथी शिकलेली असले तरी तुझं अक्षर ओळखते. तूच लिहायचंस, आज.

आई