सुमे, ती सुई मीच घरी ठेवली

प्रिय सुमे,

तुझी वहिनी दोन जीवांची आहे. मायनं मास्तरकडून इथं सुरतेले पत्र लिहून पाठवलं, "सुनेले पोटभर खाऊ घाल. मी अर्धपोटी राहिली म्हणून माझी सुमी गेली." ते वाचलं नि लूमवर हात चालेना. म्हणून तुले लिहून राहिलो.

आपल्याकडच्या बाया तशाच राहतात ना! पोटात लेकरू मोठं झालं तर बाळंतपण अवघड, म्हणून सातव्या महिन्यापासून भात अर्धा. तू झाली तेव्हा सुईण हसली, "पोरगी हाय का कोंबडीचं पिल्लू?" मग सगळ्यांनी गूळभात, साय चारून चारून तुले गोल केली. माय मोहाडीच्या बाजारात मिरवायची तुले!

बाराव्या वर्षी तू वाळत गेली. गडवे-गडवे पाणी प्यायची, नि मी म्हणायचो, "म्हशे, तलाव आटवशील!" काहून नाही कळलं मले?

भंडाऱ्याच्या डॉक्टरनं साखर सांगितली. "पोटात उपाशी राहिलेल्या, मग भराभर फुगवलेल्या लेकराचं इन्सुलिन कमी पडतं की काय, आम्हालाही नक्की माहीत नाही. पण सुई एक दिवसही चुकवू नका." मायनं पहिलं वाक्य धरून ठेवलं. दुसरं मी ऐकलं होतं, सुमे.

दिवाळीनंतर मामाच्या गावची मंडई, जत्राच ती. तू विचारलं, "दादा, सुई घेऊ ना संगं?"

"राहू दे वो! मामीसमोर सिरिंज उकळत बसशील? गावभर होईल, मग सोयरीक कोण आणेल?"

लाज मले वाटत होती, तुले नाही.

तीन दिवस तू आकाशपाळण्यात बसली, जिलेबी खाल्ली. मीच आणून दिली! चौथ्या दिवशी बैलबंडीत माझ्या मांडीवर डोकं, ओकाऱ्या, खोल खोल श्वास. तरी म्हणाली, "मायले नको सांगू, तुले मारेल."

नाही सांगितलं. माय छाती पिटत होती, "मीच पोटात उपाशी मारली," नि मी उठून बाहेर पळालो! चिखल्याची खाण सोडली, तुमसरची मिल सोडली. कुठंच जीव लागत नाही.

अर्ध्या भाताचं खरं असेल, नसेल. पण तू सुईवर जगत होती, नि ती मी चुकवली.

सुट्टी मागितली आहे. मायसमोर बसून सगळं सांगेन. मग ती काहीही बोलो, या वेळी उठून पळणार नाही.

तुझा दादा,
गोविंदा