माझ्या टेबलाशेजारचं स्टूल

ती. आईस लेकीचा नमस्कार,

मी मजेत आहे, वेळेवर जेवते. तुझा गुडघा काय म्हणतोय?

ऑफिसात साहेबांनी फर्मान काढलंय : अडलं तर एकमेकांना विचारत बसू नका, कॉम्प्युटरला विचारा. माझ्या शेजारची रिकामी खुर्चीसुद्धा उचलून नेली. मी घरून स्टूल नेलं! प्रोग्रॅमचा कोड अडला, नोकरी बदलावीशी वाटली, की जो तो त्यावर येऊन बसतो. मला ताकीद मिळाली. मिळू दे. स्टूल हलणार नाही. बाबांना मात्र ताकिदीचं बोलू नकोस.

काल खुद्द साहेब त्यावर टेकले. हळूच म्हणाले, "खरं सांग, माझी नोकरी टिकेल का गं?"

"कॉम्प्युटरला विचारलंत?"

"विचारलं. म्हणूनच तर आलो."

तुझीच,
हट्टी लेक