कॅप्सूल थांबवायची नाही

३ मार्च
राजधानीहून उत्तरेला, तुकुमानला पोचलो. विमानाच्या शिडीवरच हवा पाकासारखी अंगाला चिकटली, तरी मन प्रसन्न आहे. पस्तिसाव्या वर्षी जनुकोपचाराची अख्खी चाचणी माझ्या एकट्याच्या हाती! ब्युनोस आयर्सला राहिलो असतो तर आणखी दहा वर्षं कुणाच्या तरी बॅगा उचलल्या असत्या.

विभागप्रमुख डॉ. ओलेगारिओ पास स्वतः घ्यायला आले होते. पास म्हणजे शांतता, आणि माणूसही तसाच. सज्जन माणूस, म्हणजे निरुपयोगी. माते नावाच्या इथल्या कडू चहाची नळी तोंडातून न काढता म्हणाले, "फेर्रान्ते, तुम्हाला योग्य वाटेल ते करा." एवढं बोलून दुपारच्या झोपेला गेले ते चारला उगवले.

मुख्य परिचारिका सुलेमा. साठीला टेकलेली, आवाज बाजारातला. डबाभर एम्पनाडा, म्हणजे खिम्याच्या करंज्या, पुढे ठेवून म्हणते, "आधी खाऊन घ्या डॉक्टर, मग आम्हाला शिकवा." एम्पनाडा उत्तम होत्या. बाईला तेवढंच येत असावं.

९ मार्च
पहिली रुग्ण देल्फिना आराओस. वय एक्कावन्न, शाळेत भूगोल शिकवते. उजव्या कपाळामागे लिंबाएवढी गाठ. अशी माणसं वर्षभरही काढत नाहीत.

तिला सोप्या भाषेत समजावलं. सर्दीचा विषाणू पांगळा करायचा, त्याच्या पाठीवर एक जनुक बसवायचं आणि तो गाठीत टोचायचा. नुसतं जनुक काही करत नाही. मग चौदा दिवस कॅप्सूल. ज्या पेशीत ते जनुक असेल, तिथेच औषधाचं विष होतं. पेशी आपल्या हातानं मरते आणि जाता जाता शेजारणीलाही ओढून नेते.

बाई म्हणाली, "म्हणजे गल्लीत भांडण लावून द्यायचं आणि आपण घरी जायचं."

सुलेमा खो खो हसली. इथे विनोदाची पातळी ही.

१२ मार्च
शस्त्रक्रिया झाली. गाठ जमेल तेवढी काढली, उरलेल्या कडांना विषाणू टोचला. शेवटी सुई सिरिंजवरून निसटली आणि एक थेंब चष्म्याच्या फटीतून माझ्या डोळ्यात उडाला. सुलेमानं अपघाताच्या नोंदीचा कागद आणला. मी तो परत पाठवला. पांगळा विषाणू आहे. कॅप्सुलीवाचून त्याचं पानसुद्धा हलत नाही. एका थेंबासाठी या खेडवळांच्या तोंडी विषय व्हायची मला हौस नाही.

उद्यापासून कॅप्सूल.

२० मार्च
स्कॅनमध्ये गाठीचा मागमूस नाही! तिच्या जागी काळी पोकळी, कडा अगदी स्वच्छ. पासनी मला मिठी मारली. अंगाला सिगारेटचा वास. रोज सकाळी देल्फिनाकडून उत्तरेपासून देशाच्या प्रांतांची नावं म्हणवून घेतो. हुहुय, साल्ता, फोर्मोसा... तेवीसच्या तेवीस, एका दमात. वर मलाच विचारते, "तुम्हाला येतात का हो सगळे?"

२३ मार्च
आज एकोणीसच. सुलेमा म्हणते, बाई ताटातलं डावीकडचं अन्न खातच नाही, कॅप्सूल थांबवा. मी म्हटलं, सूज आहे, उतरेल. ती म्हणाली, "डॉक्टर, तीस वर्षं मी इथे माणसं बघतेय." मी म्हटलं, भिंतीही बघतात.

२४ मार्च
नऊ प्रांत. पोकळी वाढली आहे. देल्फिना न रडता म्हणाली, "घरातले दिवे कुणीतरी एकेक करून मालवतंय. घाई नाही, गडबड नाही. कामाचा माणूस आहे."

सुलेमानं सगळ्या वॉर्डासमोर कॅप्सुलींची पट्टी मुठीत दाबली. हे विष आहे, मी देणार नाही, म्हणाली. माझं डोकं फिरलं. पट्टी हिसकावली आणि दोन कॅप्सुली तिथेच, सगळ्यांदेखत, पाण्याशिवाय गिळल्या. "बघा, मेलो का?"

देल्फिनानं माझ्याकडे पाहत हळूच तोंड उघडलं. तिला वाटलं असावं, एवढा मोठा डॉक्टर स्वतः घेतो, तर ठीकच असेल.

आता उरलेले दोन दिवसही तिच्याआधी मीच घेणार. तोंडं बंद राहतील.

२६ मार्च
चौदा दिवस पुरे. दोघांनीही घेतली. प्रांत विचारले तर ती खिडकीकडे बघत राहिली. एकही नाही.

माझं डोकं जड आहे. उकाडा.

२७ मार्च
देल्फिना सकाळी अकराला गेली. सुलेमानं तिचे डोळे मिटले, केस सारखे केले. मग दारात थांबली आणि तिनं एवढंच विचारलं, की डॉक्टर, तो थेंब कुठल्या डोळ्यात उडाला होता?

मी हसलो. डाव्या, म्हटलं.

ती हसली नाही.

२८ मार्च
स्वतःचं स्कॅन केलं. तंत्रज्ञ जेवायला गेला तेव्हा. डाव्या डोळ्यामागे ठिपका. मोहरीएवढा, काळा. कडा स्वच्छ.

फार स्वच्छ.

२९ मार्च
कॅप्सूल तर बंद आहे. मग वाढतोय कसा? आता वाटाणा. औषध थांबलं, पण शेजारणी थांबत नाहीत — एक दुसरीला, दुसरी तिसरीला — मीच तर सांगितलं होतं. हसत.

पासना सांगितलं. ते म्हणाले, तुम्हाला योग्य वाटेल ते करा.

१ एप्रिल
पलंग मिळाला. खिडकीजवळचा. तिचाच.

प्रमुख येऊन गेले. त्यांचं नाव — छोटं आहे — शांततेसारखं — आत्ता होतं. लिहिताना शब्द शोधावे लागतात. सापडतो तो वेगळाच. रागाच्या जागी दूध लिहिलं होतं. खोडलं.

एप्रिल
नवा डॉक्टर. राजधानीचा. तरुण. मला पेन दाखवून विचारतो, हे काय? मी सांगितलं. तो म्हणाला, चुकलं. प्रमुखांना म्हणतो, माझ्या पायाशी उभा राहून, याला आता काही कळत नाही.

कळतं. गाढवा — सगळं कळतं — फक्त बाहेर —

तिलाही कळत होतं. तिलाही —

सकाळ
एक बाई येते. म्हातारी. मोठा आवाज. भरवते. तोंड पुसते. कोण ते नाही —

मूर्ख आहे. एवढं नक्की. का ते आठवत नाही पण मूर्ख आहे —

हात गरम. उठली की भीती. जाऊ नको म्हणायचं — तो शब्द — जा च्या आधी काहीतरी — नंतर —

जा म्हटलं. जा जा. ती उठली. नाही, मला म्हणायचं होतं