धूर मागे टाकणारं इंजिन

१२ ऑगस्ट १९८४, सॅक्रमेंटो

गिरीश रेल्वे म्युझियमला नेतो म्हणतोय. मी म्हटलं, तीस वर्षं मिरजेत इंजिनं हाकली, आता तिकीट काढून बघू? त्याची बायको पद्मिनी हसली. "काका, एक्साइट व्हा ना जरा!"

गिरीशचे वडील, एकनाथ, माझ्या इंजिनवर कोळसा टाकणारे फायरमन. कॅसलरॉकच्या घाटात, बोगद्यातल्या धुराने गेले. तेव्हा हा चार वर्षांचा. तिथे नेमकं काय झालं, हे त्याला आजवर सांगितलेलं नाही. सांगायचं म्हणूनच इतक्या लांब आलोय. आठवडा झाला, जीभ उचलत नाही.

१४ ऑगस्ट

बघितलं!!

आधी फजिती. "अरे, यांनी इंजिन उलटं उभं केलंय!" असं मोठ्याने म्हणालो. ड्रायव्हरची केबिन सगळ्यात पुढे, धुराडं पार मागे! तिथला म्हातारा गाइड हसून काहीतरी बोलला. गिरीशने सांगितलं, "काका, हे असंच पळायचं. डोंगरात लांबलांब टनेल्स, क्रू गुदमरायचा. म्हणून केबिनच पुढे आणली."

मग कोळसा? फायरमन पुढे, कोळसा मागे—टाकणार कसा? तर कोळसा नाहीच! तेल. मागच्या टाकीतून पाइपने पुढे.

सोळा मोठी चाकं, एका बॉयलरखाली दोन इंजिनं. कडेने चालत निघालो, चाळीस पावलं झाली तरी संपेना. मी चपला काढून हातात घेतल्या. लोक बघत होते, बघू देत. एवढं अवजड धूड, आणि ते फिरवलं कशासाठी, तर आतल्या माणसांना श्वास घेता यावा म्हणून! रडू आलं मला. आमच्या घाटात असं एक जरी असतं!

"बाबा असल्या इंजिनवर हवे होते," गिरीश म्हणाला. मी चाकं पुन्हा मोजायला लागलो.

१५ ऑगस्ट

आज सांगणार होतो. पद्मिनीने श्रीखंड-पुरी केली. दोनदा वाढून घेतलं. नाही सांगितलं.

१६ ऑगस्ट

सांगितलं. गाडी बोगद्यात अडकली, चाकं जागच्या जागी फिरत राहिली. तोंडाला बांधायचं ओलं फडकं माझं कुठेतरी पडलं होतं.

"आणि बाबांनी स्वतःचं तुम्हाला दिलं," गिरीश म्हणाला. "आई नेहमी सांगते."

आईला ते मीच सांगितलं होतं.

"दिलं नाही," म्हणालो. "मी ओढून घेतलं."