चर्चच्या लिलावातली पगडी

बाबा, यंदा चर्चच्या वाढदिवसाच्या लिलावात तुमची पगडी मी घेतली. दर वर्षी कुणी ना कुणी घेतंच, यंदा मी घेतली. बोली चढत गेली तशी कमिटीवरची पोरं एकमेकांकडे बघून हसायला लागली, की आजीला आज झालंय तरी काय. त्यांना काय माहीत, मी हे वर्षभर मनाशी ठरवून गेले होते. ही गोष्ट तुम्हाला सांगावी असं वाटलं. तुम्ही असतानाही आपलं बोलणं बेताचंच असे. तुम्ही पगडीशी बोलायचात आणि मी शिवणाच्या मशीनशी. म्हणून लिहायला बसले आहे.

लश्करच्या टोपी बाजारातलं आपलं दुकान म्हणजे एक फळी, एक गादी आणि भिंतीला लागून लाकडी साच्यांची रांग. तुम्ही मांडी घालून बसला आहात, गुडघ्यावर साचा आहे, चंदेरीच्या तलम कापडाला पीळ देत देत एकेक पेच बसवताय, आणि समोरून कुणी हाक मारली तरी मान वर करत नाही. दक्खनेतून फौजेबरोबर आलेल्या आपल्या पूर्वजांनी तलवार कधी खाली ठेवली आणि कापड कधी हातात घेतलं, हे तुम्हालाही नीट ठाऊक नव्हतं. पण पगडबंदाचा तोरा मात्र तुमच्यात पुरेपूर होता. कुणी म्हणालं की पगडी जरा घट्ट होते, तर तुम्ही त्याच्या डोक्याकडे असं बघायचात, जणू चूक डोक्याचीच आहे. आई म्हणायची, "सुंभ जळला तरी पीळ जात नाही यांचा." तुम्ही ऐकून न ऐकल्यासारखं करायचात.

संस्थान विलीन झालं तेव्हा तुम्ही म्हणालात, राज्य गेलं तरी डोकी आहेत ना शिल्लक. काही वर्षं ते खरंही ठरलं. मग आपल्याकडची राजधानी भोपाळला गेली. कचेऱ्यांची कपाटं ट्रकांवर चढली, मागोमाग कारकून गेले, साहेब गेले, आणि त्यांच्या पगड्या आपल्या दुकानात राहिल्या. एक साहेब तर तयार पगडी घेऊन गेलेले, दुसऱ्या दिवशी येऊन फळीवर ठेवून म्हणाले, "भोपाळात कोण घालतं हो आता? राहू द्या तुमच्याकडेच." त्या एका मोसमात किती पगड्या परत आल्या, ते मी मोजलं नाही, तुम्हीही मोजलं नसेल. तुम्ही त्या वरच्या फळीवर ठेवल्यात आणि त्यांच्यावर एक जुनं धोतर टाकलंत. तेव्हापासून जेवताना तुमचं लक्ष ताटात नसे.

त्याच दिवसांत मी चर्चच्या आवारातल्या शिवणवर्गाला जायला लागले. आईने भांडून पाठवलं होतं मला. "पगडीने चूल पेटेना, पोरीच्या हाताला तरी काही काम येऊ दे," असं ती तुमच्या तोंडावर म्हणाली. तुम्ही हो म्हणाला नाहीत आणि नाहीही म्हणाला नाहीत, म्हणजे हो. शिवणाच्या बाई नगरकडच्या होत्या, ख्रिस्ती, स्वच्छ दक्खनी मराठी बोलायच्या. वर्गात सगळ्या जातीधर्मांच्या मुली, आणि शेजारच्या खोलीत चर्चचाच दवाखाना. मुरारपासून बाया पोरं काखेत घेऊन यायच्या तिथे. माझ्या हातात मशीन आलं आणि वाटलं, हे माझं आहे. पायाखाली फळी, हाताखाली कापड, आणि मी सांगेन तशी सरळ टीप. इतकं ठाम मला तोवर कशाबद्दलच वाटलं नव्हतं.

मग बाईंनी एक दिवस सांगितलं की परदेशातून येणारे पैसे आता बंद झाले आहेत. चर्चच्या वाढदिवसाला आवारात विक्री आणि लिलाव ठेवला आहे, त्यातून जे जमेल त्यावर दवाखाना आणि वर्ग चालेल. नाही जमलं, तर आधी वर्ग बंद होईल. प्रत्येकीने घरून काहीतरी आणायचं होतं. मी दुकानात आले आणि वरच्या फळीकडे बोट करून म्हटलं, "बाबा, त्यातली एक देता?"

तुम्ही हातातलं काम थांबवलंत. "परत आलेली? बिलकुल नाही. देवाचं घर आहे ते, देव कुणाचाही असो. देवाला उष्टं देत नाहीत."

आणि तुम्ही नवी बांधायला घेतलीत. लाल, बारीक जरीची. गिऱ्हाईक नसताना, पैसे नसताना, इतकी देखणी पगडी तुम्ही दरबारासाठीही बांधली नसेल. पुढचं टोक बसवताना तुम्ही श्वास रोखून धरला होता, मी पाहिलंय. ती हातात देताना म्हणालात, "कोण घेतं ते बघून ये. डोक्यावर कशी बसते तेही बघ."

लिलावाच्या दिवशी तुम्ही मला न्यायला लवकर आलात. फाटकाबाहेरच उभे होतात, कारण आत गेलं की कुणीतरी चहा पुढे करणार आणि नाही म्हणताना पंचाईत. त्यामुळे आधीचा लिलाव तुम्ही पाहिलाच नाही. एका म्हातारीने आणलेली कोंबडी चार वेळा विकली गेली होती. जो घेई तो पैसे भरून कोंबडी पुन्हा टेबलावर ठेवी, आणि पुन्हा बोली सुरू. लोक हसून लोटपोट होत होते, कोंबडी तेवढी वैतागली होती. मग पगडीची पुकार झाली आणि ती ऐकून तुम्ही आत आलात, अगदी पुढे. बोली चढली. जयेंद्रगंजातल्या एका वकिलांनी ती घेतली, तळहातावर धरून चारी बाजूंनी न्याहाळली, सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. तुमचा चेहरा तेव्हा कसा उजळला होता, बाबा! आणि वकिलांनी ती टेबलावर ठेवली. म्हणाले, "लीजिए, वापस."

 टेबलाजवळ गेलात, पगडी उचललीत, उपरण्यात गुंडाळलीत आणि माझा हात धरून चालायला लागलात.  नया बाज़ार येईपर्यंत मी धावतच होते. शेवटी ओरडले, "बाबा, तिथे रीतच आहे तशी! तिथे कोंबडीसुद्धा परत देतात!"

"माझी पगडी आणि कोंबडी एक करून राहिलीस तू?" तुम्ही रस्त्यात थांबून म्हणालात. "उद्यापासून शिवण बंद."

मी रडले नाही. मला राग आला होता, आणि तुमची कीवही, दोन्ही एकदम. मी म्हटलं, "त्या वकिलांनी पैसे भरलेत. ती पगडी आता तुमची नाही. दुसऱ्याची वस्तू उचलून आणलीत तुम्ही." तुमच्यासमोर असं कुणी बोललं नव्हतं, आईसुद्धा नाही. तुम्ही हात उगारला नाहीत. नुसते बघत राहिलात, जसे चुकीच्या मापाच्या डोक्याकडे बघायचात तसे.

दुसऱ्या दिवशी बाई दुकानात आल्या. गादीवर बसा म्हटलं तरी पायरीवरच बसल्या. पगडी तुमच्या मांडीजवळ होती, उपरण्यातच. बाईंनी ना माफी मागितली, ना विनवण्या केल्या. म्हणाल्या, "दादा, आमच्यात आवडलेली वस्तूच परत देतात. नावडती असली की पहिलाच माणूस मुकाट घरी नेतो. ठेवून घेतली की लिलाव संपला. परत दिली की आणखी चार बायकांचं औषध निघतं."

तुम्ही बराच वेळ उपरण्याची गाठ चाळवत होतात. मग विचारलंत, "म्हणजे ही पगडी कधीच कुणाच्या डोक्यावर जाणार नाही?"

बाई खोटं बोलल्या नाहीत. "नाही," म्हणाल्या.

मी कोपऱ्यात उभी होते. तुमच्या डोळ्यांत तेव्हा जे आलं ते मी पाहिलं, आणि तुम्ही वर मान करून जुन्या धोतराखालच्या फळीकडे पाहिलंत तेही. मग म्हणालात, "ठीक आहे. तशीही आता कुणाच्या जाऊन राहिलीय?"

पुढच्या रविवारी लिलाव पुन्हा मांडला गेला, फक्त त्या पगडीसाठी. तुम्ही कडक इस्त्रीचा अंगरखा घालून, आत येऊन, चहा घेऊन, पहिली बोली स्वतः लावलीत. स्वतःच्या पगडीवर! तुम्हालाच ती सुटली. खिशातले पैसे मोजून दिलेत, पगडी दोन्ही हातांनी उचललीत आणि टेबलावर ठेवून म्हणालात, "परत." काय टाळ्या पडल्या, बाबा. वकील तर उठून तुमच्याजवळ आले. त्यानंतर ती संध्याकाळभर विकली जात राहिली. वर्ग वाचला. मी शिकले, त्या मशीनवर घर चालवलं, दोन मुलं मोठी केली, आणि अर्ध्या लश्कर शहरातल्या नवऱ्या मुलींचे ब्लाउज माझ्या हातचे आहेत, हे मी छाती पुढे काढून सांगते. तो तोरा तुमच्याकडूनच आला असणार, दुसऱ्या कुणाकडून येणार?

पगडी चर्चच्या काचेच्या कपाटात राहिली. दर वाढदिवसाला बाहेर निघते, विकली जाते, परत येते. डॉक्टरांनी घेतली, ठेकेदारांनी घेतली, रेल्वेतल्या एका निवृत्त गार्डने तर तीनदा घेतली. सगळ्यांनी परत दिली, आणि दवाखाना अजून चालू आहे. यात तुमचा मान आहे, हे मला कळतं. पण दर वर्षी ती टेबलावर परत टेकली की मला दुकानातला तुमचा तो प्रश्न ऐकू येतो. इतक्या वर्षांत तो एकदाही चुकला नाही.

तर यंदा ती मी घेतली. पैसे माझ्या शिलाईचे, मुलांकडून एक पैसा घेतला नाही. टाळ्या वाजल्या आणि सगळे थांबले, मी ती टेबलावर ठेवण्याची वाट बघत. मी म्हटलं, पुढचे पेच सैल झालेत, दुरुस्तीला नेते. कमिटीवरचा पोरगा म्हणाला, "ठीक है आजी, अगले साल ले आना, आरामसे." पुढच्या वर्षी मी त्यांना माझ्या हातची गोधडी देणार आहे. ती त्यांनी खुशाल हवी तितक्या वेळा विकावी, मला काही वाटायचं नाही.

घरी येऊन दार लावलं आणि आरशासमोर पगडी डोक्यावर ठेवली. पांढरे केस, नाकावर चष्मा, आणि वर लाल पगडी. मला जरा मोठी होते, पण बसते. हे पत्र मी मशीनच्या खणात ठेवणार आहे, ते कुठेही जायचं नाही, म्हणून खरं काय ते सांगून टाकते. तुमच्या पगडीचा एकही पेच सैल झालेला नाही.