हातबोशी आधी कुणाला

शुक्रवार, ७ फेब्रुवारी २०२५. दुपारी ४.५०.
मनुकांचं सरबत गाळत होतो. पाव किलो काळ्या मनुका, काल संध्याकाळी भिजवलेल्या, हातानं कुस्करून, पातळ फडक्यातून. शब्बाथ म्हणजे आम्हा यहुद्यांचा शनिवार, शुक्रवारच्या दिव्यापासून सुरू; त्याच्या किद्दुशचं, पेल्यावरच्या प्रार्थनेचं, सरबत आमच्या घरात पुरुष करतो. आधी बाबा, ते गेल्यापासून मी. हात कोपरापर्यंत चिकट, आणि दारात बायकोचा, रिबेकाचा, मोठा भाऊ दानियल. दोन बॅगा. शिरूर कासारकडे सोलर प्लँटचं काम निघालंय, कंपनीनं ठाण्याहून पाठवलाय. दोन महिने. राहणार आमच्याकडे. रि.ला माहीत होतं. मला आज कळलं.
बॅगेतून पहिल्यांदा बाटली काढली. द्राक्षाचा रस, धर्माला चालतो असा कोशेर शिक्का असलेला. म्हणाला, आता एवढी मेहनत कशाला, बेनी.
एली (वय ८) मामाच्या कमरेला चिकटलेला. नोमी (साडेतीन) बॅगेत बसलेली.
दिवा ६.०५ ला. थांबतो. दिवा लागला की लिहायचं नाही.

रविवार, ९ फेब्रुवारी. सकाळी ८.
परवाचं लिहितो. किद्दुश मी म्हटला, बाबांच्या वहीतून. वही मराठी अक्षरांत आहे. हिब्रू मला वाचता येत नाही, बाबांनाही येत नव्हतं. माझी शाळा नववीत सुटली, मराठी नीट लिहिता येतं हेच खूप. दानियल काही बोलला नाही. डोळे मिटून ऐकत होता. बोलला असता तर बरं.
मग हातबोशी. बाबांचा नियम असा: घरात वयानं मोठा असेल त्याच्या हातांना आधी आपले हात लावायचे, बोटं ओठांना लावायची, मग पुढच्याकडे, असं करत शेवटच्यापर्यंत. सहा वर्षं या घरात मोठा मी होतो. दानियल एक्केचाळीस, मी तेहतीस. म्हणजे मीच आधी त्याच्याकडे गेलो. मग रि. मग ए. दोन्ही हात पुढे करून पळत त्याच्याकडे. माझ्याकडे आला तेव्हा त्याची बोटं ओली होती.
नियम बरोबर आहे. नियमाला मी काही म्हणत नाही.
नोमीनं मला दिली, मग शेजारच्या सलीमभाईंच्या शेळीला द्यायला खाली गेली.

बुधवार, १२ फेब्रु.
ए.ला तीन दिवसांत हिब्रूची अकरा अक्षरं आली. मामा प्लँटवरून सहाला येतो, हात धुतो, दोघं बसतात. ए. उजवीकडून डावीकडे लिहितो. मी मागं उभा राहून पाहिलं तर वहीवर हात ठेवला. "पप्पा, थांबा ना, पुरं होऊ द्या."
मला त्यानं कधी असं

गुरुवार, १३ फेब्रु.
एलियाहू हन्नाबी या प्रेषितांचा मलिदा. ए.चं नाव त्यांच्यावरूनच. पोहे, गूळ, खोबरं, वेलदोडा, पाच फळं. ताट रि.नं लावलं. प्रार्थना म्हटली दानियलनं, पुस्तक न बघता. दहा पुरुष लागतात, आम्ही दोन आणि एक अर्धा. दानियल म्हणाला, इथे दहावा माणूस कधीच येणार नाही. रि. मान खाली घालून गूळ मिसळत होती.
सलीमभाईंकडे बशी दिली. बुलेट दुरुस्त करतात, माझ्या पंपाच्या मोटारी वाइंडिंगच्या दुकानाला लागून गॅरेज. म्हणाले, "मलिदा तो हमारा, बेनीभाई. तुमी कदी उचलला?"
म्हटलं, एकाच दुकानातून दोघांनी आणला असेल. खूप हसले. आज दिवसभरात मी एवढंच हसलो.

रविवार, १६ फेब्रु.
शुक्रवारी बाटली उघडली. सरबत मी केलं होतंच. दोन्ही ठेवलं. ए.नं बाटलीतलं घेतलं, मामा म्हणतो तेच खरं म्हणून. किद्दुशही मामानंच म्हटला. आधी मला विचारलं, "म्हणू का?" पाहुण्याला नाही कसं म्हणायचं. सरबत मी आणि नोमीनं संपवलं. तिच्या फ्रॉकवर डाग पडला, तो अजून आहे.
रि. भावाशी बोलताना वेगळी हसते. ठाण्याचं हसणं. कुणाच्या तरी लग्नात हॉलचा पंखा पडल्याची गोष्ट होती. मला कळली नाही. विचारलं तर म्हणाली, तिथे असायला पाहिजे होतं.
आज दुकानात चकलांब्याचे एक पाटील. काल येऊन परत गेलेले. चिडलेले. "शनवारी कावून बंद ठिवता ओ? मोटार जळून पडली, गहू वाळाया लागला." मी काही बोलायच्या आत म्हणाले, "मारुतीचा उपास हाय का?"
सलीमभाई पलीकडून: "त्यांचा मारुती लई जुना हाय, पाटील."
मोटार आजच भरून दिली. वेढे मोजताना दोनदा चुकलो. कधी चुकत नाही. डोक्यात ते अक्षरं घोकणं चालू.

बुधवार, १९ फेब्रु.
ए. आज 'नाही' म्हणाला. परवापर्यंत 'न्हाई' होतं. मी मुद्दाम विचारलं, भाकरी खायाची न्हाई का? म्हणाला, "नाही खायची, पप्पा." हसू दाबत. मामाकडे बघून.

रविवार, २३ फेब्रु. दुपारी १२.१५.
आता कळलं.
नाश्ता झाल्यावर दानियलनं खुर्ची माझ्याजवळ ओढली. आवाज खाली. एलीला जूनपासून ठाण्याला ठेवा. शाळा घराजवळ, सिनेगॉग चालत दहा मिनिटं, त्याच्या वयाची आपली पोरं. इथे वर्गात त्याला कुणी विचारलं तू कोण, तर तो काय सांगतो माहीत आहे का?
मला माहीत नव्हतं.
"म्हणतो, आमी शनिवारवाले."
मी म्हटलं, आम्ही पण तेच सांगायचो.
दानियलला मूल नाही. बारा वर्षं झाली. त्याच्या बायकोनं ए.साठी निळी चादर घेऊन ठेवलीय. हे रि.नं सांगितलं. म्हणजे चादरीपर्यंत गेलंय.
माणूस चांगला आहे. हे लिहून ठेवतो. सिलिंडर आणला, नोमीला शिरूरहून बोरं आणतो, आवाज चढवत नाही. वाईट असता तर मला सोपं होतं.
रि.नं सांगितलंय, शाळेत जा, दाखल्याला अर्ज कधी द्यायचा ते सरांना विचारून घ्या. नुसतं विचारायचं. विचारल्यानं काही ठरत नाही.

गुरुवार, २७ फेब्रु.
शाळेत गेलो. १०.४०. ए. बरोबर होता, वर्गात जायच्या आधी माझं बोट धरून ऑफिसच्या दारापर्यंत आला. मुख्याध्यापक आत होते, चहा पीत. "या, काय काम काढलं?"
मी परीक्षेचं वेळापत्रक विचारलं. भिंतीवरच लावलेलं होतं. बोटानं दाखवलं. मी आभार मानून बाहेर आलो.
ए. उंबऱ्याशीच उभा. वर्गाकडे गेला.
घरी सांगितलं, सर रजेवर आहेत, सोमवारनंतर येतील.
खोटं बोललो. एका वाक्यात दोनदा.

शनिवार, १ मार्च. दुपारी.
आज लिहायला नको. लिहितोय.
काल जेवताना दानियलनं सहज विचारलं, शाळेत काय झालं. मी पाणी पीत होतो. माझ्या आधी ए. बोलला. "सर नव्हते, मामा. कुलूप हुतं."
कुलूप. मी कुलपाचं बोललो नव्हतो. ते त्यानं स्वतः घातलं.
दिवा समोर जळत होता. रि.नं त्याच्याकडे पाहिलं, मग माझ्याकडे, मग ताटात. आधी हातबोशी झाली होती, मामा पहिला, मी दुसरा, नेहमीसारखं. पण उठताना ए. माझ्या खुर्चीमागून गेला आणि माझ्या पाठीला बोट लावलं. एकच बोट.
मला आनंद झाला. तो लिहितो आणि त्याची लाज लिहितो. पोरानं माझ्यासाठी शब्बाथला खोटं सांगितलं आणि मी मनातल्या मनात मोजत होतो: मामा अकरा अक्षरं, मी एक कुलूप.

मंगळवार, ४ मार्च.
रोजे सुरू. सलीमभाई दुपारी काम कमी करतात, माझ्या दुकानात सावलीला बसतात. त्यांना सगळं सांगितलं. त्यांचा थोरला नऊ वर्षांचा असताना बाहेरगावी मदरशात गेला. कुराण तोंडपाठ करून हाफिज झाला, यंदा तिथे रोजांतली रात्रीची नमाज, तरावीह, पढवतोय. मी म्हटलं, मग चांगलंच झालं की.
"चांगलंच झालं. पैले मला 'तू' म्हनायचा. भांडायचा. आता फोनवर 'अब्बा, आप कैसे हैं'." वायरचा तुकडा बोटाला गुंडाळत बसले. "लई अदबीनं बोलतो. पाव्हन्यावानी."
मग उठून गेले.

रविवार, १६ मार्च.
शुक्रवारी पुरिम आणि धुळवड एकाच दिवशी. आम्ही तसंही पुरिमला होळीचा सणच म्हणतो. दानियल म्हणाला, ठाण्यात आता कुणी म्हणत नाही. ए. गल्लीतल्या पोरांबरोबर रंगला, डोक्यापासून टाचेपर्यंत जांभळा. मीच आंघोळ घातली, किती दिवसांनी. डोळे गच्च मिटून उभा होता. वाटलं आता विचारावं, तुला जायचंय का. त्यानंच विचारलं.
"मामाचं घर कितव्या मजल्यावर हाय?"
चौथ्या.
"लिफ्ट हाय?"
हाय.
"मग रोज लिफ्टनं."
पाणी ओतत राहिलो. मग कुलूप कशासाठी घातलं होतं? विचारलं नाही. उत्तर लिफ्ट असेल तर काय करायचं.

बुधवार, १९ मार्च.
रि.ला सांगितलं. सर रजेवर नव्हते. पोळ्या लाटत होती, थांबली नाही.
"मला त्याच दिवशी कळलं होतं. सर खरंच रजेवर असते तर तुम्ही किती तारखेपासून किती तारखेपर्यंत ते सांगितलं असतं."
हे खरं आहे.
मग म्हणाली (आठवतं तसं): तुम्हाला महिनाभर हेवा वाटला, तर तुम्ही असे झालात. मला दहा वर्षं वाटतोय. तुमच्या गावाचा. रस्त्यानं जाताना तुम्हाला चार माणसं हाक मारतात. मला इथे रिबा म्हणणारं कुणी नव्हतं, दादा आला तेव्हा कुणी म्हणालं.
मी म्हटलं, मी म्हणतो की.
"तुम्ही वहीत रि. लिहिता."
वही तिनं वाचलीय. पोळी फुगली, तिनं ती माझ्या ताटात टाकली. पोराला पाठवावं असं तुला वाटतं का, म्हटलं. म्हणाली, मला दोन्ही वाटतं, एका दिवसात चार-चार वेळा.

रविवार, ३० मार्च.
ठरलं ते एवढंच: एप्रिलमधल्या पेसाहच्या सणाला सगळे ठाण्याला जायचं. दानियलचं काम या आठवड्यात संपतंय, त्याच्याबरोबरच. ए.नं तिथली शाळा बघायची, चादरीवर झोपून बघायचं. पुढचं पुढे.
काल शाळेच्या रजेचा अर्ज लिहिला नाही, शनिवार. आज लिहिला. तीनदा वाचला, चूक नाही.

मंगळवार, १ एप्रिल.
सर भेटले. अर्ज घेतला, परीक्षा परत आल्यावर घेतो म्हणाले. घरी तसंच सांगितलं. ए. म्हणाला, "आज कुलूप न्हवतं?" आणि पळाला. न्हवतं म्हणाला. माझ्यासाठी की चुकून, सांगता येत नाही.
दाखल्याचा अर्ज पण लिहून खिशात नेला होता. तारखेची जागा कोरी. खिशातच आहे. दुपारी मांजरसुंब्याला धाब्याची मोटार बघायला गेलो तेव्हाही तिथेच होता, तेलाचा डाग लागला. पुन्हा लिहावा लागेल, लागला तर.

शुक्रवार, ४ एप्रिल. संध्याकाळी ५.३५.
मनुका गाळतोय. म्हणजे मी लिहितोय, गाळतोय ए. बाटली संपून दोन शुक्रवार झाले. मामा दुसरी मागवणार होता, राहून गेलं. ए.नं फडकं स्वतः मागून घेतलं. जोरात पिळतो, बिया फुटतात, कडू होईल. सांगितलं, हळू. तर म्हणतो, "तिकडं सरबत कोण करतं?"
तिकडं बाटली असते.
"मला आलं तर मी करीन." थोडं थांबून, "तुमी आल्यावर तुमी करा."
मी कधी आल्यावर, ते म्हणाला नाही. फडकं पिळत राहिला. दानियल दारात उभा राहून बघत होता. पहिल्यांदाच त्याच्या तोंडाकडे नीट पाहिलं. माझंही तसंच दिसत असणार, दोन महिने. मी त्याला पाट सरकवला. बसला. त्याला गाळता येत नाही, त्याच्या घरात कुणी शिकवलंच नाही.
तिकिटं आज स्टँडवरून काढली.
बीड ते ठाणे, रविवार ६: फुल २ (दानियल, मी). हाफ २ (रिबेका, ए.). नोमी मांडीवर.
परत, मंगळवार १५: फुल १. हाफ १ (रिबेका). नोमी मांडीवर.
ए.चा रकाना मोकळा. खिडकीतल्या बाईंनी दोनदा विचारलं, पोराचं परतीचं नको का. मागं रांग होती. मी म्हटलं, थांबा, आणि मग बाजूला झालो.
रिबेकाला दाखवली. तिनं मोजली, पुन्हा मोजली, डब्यात ठेवली. म्हणाली, हाफ तर कंडक्टर गाडीत पण देतो.
तिनं दिव्यासाठी काडी ओढली. ए. हात न धुताच उठून उभा राहिलाय, दोन्ही पुढे